खिशातला खिळा

२०१० च्या जानेवारीत मेम्फिसला अशी थंडी पडली की गाडीतला टायरचा पिवळा दिवा एकदा लागला तो विझेचना. थंडीने टायरमधली हवा उतरते हे मला, सातारच्या माणसाला, चौतिसाव्या वर्षी टेनेसी राज्यात जाऊन कळलं. ऑफिसच्या वाटेवर लामार अव्हेन्यूला एक टायरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या टायरांची चवड, आत एक हीटर आणि शेजारी फळीवर रेडिओ. नुसती हवा भरायचे पैसे घेत नसत. मी हात शेकत आत उभा राहिलो. रेडिओवर अल ग्रीन गात होता. तो संपला आणि पुन्हा अल ग्रीनच लागला.

"विली मिचेल गेला," दुकानाचे मालक म्हणाले. माझ्याकडे न बघता, हीटरकडे बघून.

मला ते नाव माहीत नव्हतं. तिथे येऊन मला सात-आठ महिने झाले होते. माझ्या लेखी मेम्फिस म्हणजे कुरिअरची विमानं, आमचं प्रोजेक्ट आणि पाहुणे आले की त्यांना तिकीट काढून दाखवायचं एल्विसचं घर. विली मिचेल हा मूळचा ट्रंपेटवाला, हाय रेकॉर्ड्सला त्याने नावारूपाला आणलं, अल ग्रीनकडून ती हळुवार गाणी त्याने गाऊन घेतली, हे सगळं नंतरचं वाचन. दक्षिण मेम्फिसमधल्या एका जुन्या सिनेमा थिएटरात त्याचा रॉयल स्टुडिओ. खुर्च्या गेल्या तरी जमिनीचा उतार तसाच राहिलेला. ५ जानेवारीला तो वारला, ८१ व्या वर्षी.

"आता दिवसभर अल ग्रीनच लावतील," मालक म्हणाले. "लावू देत. चांगलाच आहे तो. पण विलीची आठवण काढायची तर ओ. व्ही. लावायला पाहिजे."

इथे एक अडचण सांगून टाकतो. वयस्कर माणसाचा उल्लेख नात्याशिवाय करणं मराठी माणसाला जमत नाही. मी त्यांना 'सर' म्हणायचो, ते मला 'यंग मॅन'. लेखापुरतं त्यांना काका म्हणतो. साठी ओलांडलेले, उंच, कमरेत किंचित वाकलेले. काकांनी रेडिओ बंद केला, मागच्या खोलीतून एक कॅसेट आणली, फुंकर मारली आणि लावली.

ते गाणं होतं 'अ निकल अँड अ नेल'. १९७१ सालचं. गायक ओ. व्ही. राइट.

त्या गाण्यातल्या माणसाकडे एकेकाळी प्रेम होतं, पैसा होता. आता त्याच्या खिशात उरलंय पाच सेंटचं एक नाणं आणि एक खिळा. एवढंच आहे ते. पण खिसा वाजतो, हे महत्त्वाचं. एकटं नाणं वाजत नाही, त्याला आपटायला काहीतरी लागतं. म्हणून खिळा. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, याच्याकडे चिल्लर खुळखुळते आहे. ही माझी समजूत, गाण्यात असं फोड करून सांगितलेलं नाही.

आवाजाबद्दल लिहिणं कठीण आहे. पहिली गोष्ट म्हणजे त्याला घाई नाही. मागे विली मिचेलचा नेहमीचा ताफा. हॉजेस घरातले तिघे भाऊ, टीनी गिटारवर, लिरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर, आणि ड्रमवर हॉवर्ड ग्राइम्स. ठेका इतका ठाय की मध्ये बसून चहा प्यावा. त्यावर हा माणूस शब्द मागून टाकतो, मात्रा निसटता निसटता पकडतो. वर जाताना आवाज फाटतो. पण फाटू दिलेला आहे, फाटला आहे असं नाही. आपल्याकडे ठुमरीत ज्याला पुकार म्हणतात ती इथे आहे, फक्त तिला लाडिकपणाचा स्पर्श नाही. आणि ताना, हरकती जवळपास नाहीतच. ज्यांच्या गळ्यात हजार जागा असतात त्यांना एक जागा सोडून देता येत नाही. याला येते.

गाणं संपल्यावर काकांनी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा तेच गाणं लावलं. मला ऑफिसला उशीर झाला.

घरी कॅसेट नव्हती, पण गाणी शोधायला वेळ लागला नाही. रात्री जेवणानंतर ऐकत बसलो. बायको भांडी लावता लावता थांबली. "अरे, हा गातोय की रडतोय?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मग एक काहीतरी कर म्हणावं." पण आवाज कमी कर म्हणाली नाही.

ओव्हरटन व्हर्टिस राइट हे पूर्ण नाव. जन्म १९३९ चा, मेम्फिसजवळच्या लेनो गावचा. लहानपणापासून चर्चमध्ये गाणारा, पुढे सनसेट ट्रॅव्हलर्स या गॉस्पेल मंडळात. त्या काळच्या दक्षिणेत देवाची गाणी सोडून प्रेमाची गाणी गायला लागणं म्हणजे भजनी मंडळातल्या गळ्याने तमाशाच्या फडावर उभं राहण्यासारखं. लोक ऐकायला येणार, आणि घरी जाऊन नावं ठेवणार. ओ. व्ही.ने उडी मारली ती १९६४ मध्ये, आणि त्या उडीची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका रक्तपेढीत घडते. रूझवेल्ट जेमिसन नावाचा एक माणूस मेम्फिसच्या रक्तपेढीत कामाला होता. गाणी लिहायचा, आणि तिथल्याच मागच्या खोलीत होतकरू गायकांच्या तालमी घ्यायचा. पुढे लोक रक्त देतायत, मागे ओ. व्ही. राइट आणि जेम्स कार सूर लावतायत! गोल्डवॅक्स कंपनीचा क्विंटन क्लाँच म्हातारपणापर्यंत सांगायचा की एकदा मध्यरात्री दार वाजलं, उघडून बघतो तर हे तिघं टेपरेकॉर्डर घेऊन उभे.

त्यातून 'दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज' हे जेमिसनचं गाणं ओ. व्ही.च्या आवाजात निघालं. काही महिन्यांत तेच ओटिस रेडिंगने गायलं, पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सनी. गाणं जगभर गेलं, मूळ गायक मेम्फिसातच राहिला. गोल्डवॅक्सकडेही त्याला राहता आलं नाही. ह्यूस्टनचा डॉन रोबी पुढे आला आणि म्हणाला, गॉस्पेलच्या दिवसांपासून याचा करार माझ्याशी आहे. मग रोबीच्या बॅकबीट या शिक्क्याखाली गाणी निघाली. त्यातल्या बऱ्याच गाण्यांवर गीतकार म्हणून डेड्रिक मलोन हे नाव आहे. ते रोबीचं टोपणनाव. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी किरकोळ पैशांत घ्यायची आणि वर आपलं नाव घालायचं, ही त्याची ख्यातीच होती.

'एट मेन, फोर विमेन' हे १९६७ चं गाणंही त्याच नावावर आहे. गाण्यातला नायक स्वप्नात कोर्टात उभा आहे. समोर ज्युरी, आठ पुरुष, चार स्त्रिया. गुन्हा काय, तर प्रेम केलं. आणि दोषी ठरतो. माझ्यासारख्याला ते कवीकल्पना वाटलं होतं. पण त्या वेळच्या टेनेसीत, अलाबामात कृष्णवर्णीय माणसाने ज्युरीसमोर उभं राहणं म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला त्या बारा जणांची मोजदाद कशी ऐकू आली असेल? कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत ते गाणं पहिल्या पाचात गेलं. गोऱ्यांच्या पॉप यादीत त्याची धडपणे दखल नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात रमावं असं काही नाही. अंमली पदार्थ, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तुरुंगवास, बाहेर आल्यावर विली मिचेलने पुन्हा हात दिला आणि हाय रेकॉर्ड्ससाठी गाणी. १९७९ मध्ये जपानचा दौरा. तिथल्या मैफलीची तबकडी निघाली आहे. आवाज थकलेला, पण लोक ज्या शांततेने ऐकतात ती त्या तबकडीत ऐकू येते. १६ नोव्हेंबर १९८० ला अलाबामात हृदयविकाराचा झटका आला, आणि ॲम्ब्युलन्समध्येच तो गेला. ४१ वर्षांचा होता.

टायरमध्ये हवा भरून घ्यायचं निमित्त वसंतापर्यंत पुरलं. एका शनिवारी मी काकांना माझं नवीन ज्ञान ऐकवायला गेलो. ओ. व्ही.च्या कबरीवर २८ वर्षं दगड नव्हता. २००८ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून तो बसवला. हे सांगताना मला भरून आलं होतं, आणि त्या भरात मी म्हणालो, इतका मोठा गायक, आणि लोक त्याला विसरून गेले.

काका टायर काढत होते. हातातला पाना खाली ठेवला.

"कोण विसरलं?"

मी गप्प.

"माझी बहीण विसरली? पलीकडचा न्हावी विसरला? उन्हाळ्यात शनिवारी कुणाच्याही मागच्या अंगणात शेगडी पेटली की तिसरं नाहीतर चौथं गाणं ओ. व्ही.चं असतं. तू कुणाला विचारलंस?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. सीडीच्या पाकिटातल्या टिपणात 'विस्मृतीत गेलेला' असं वाचलं होतं, आणि तो शब्द मला इतका आवडला की मी तो उचलून ज्यांनी कधीच विसरायचं काम केलं नाही त्यांच्या दुकानात घेऊन आलो होतो. आपण उशिरा पोचलो की आधीपासून तिथे बसलेली माणसं आपल्याला दिसत नाहीत, आणि वाटतं, हॉल रिकामा होता.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. ज्या रेडिओवर त्या दिवशी अल ग्रीन लागला होता ते डब्ल्यूडीआयए. १९४० च्या दशकाअखेरीस सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीयांसाठी करायला लागलेलं अमेरिकेतलं पहिलं स्टेशन. बी. बी. किंग तिथे निवेदक होता. साठ वर्षं त्या गावात स्वयंपाकघरांतून, गॅरेजांतून ही गाणी वाजतच होती. १९९६ मध्ये घोस्टफेस किलाने ओ. व्ही.च्या आवाजाचा तुकडा घेऊन रॅप केलं, म्हणजे नव्या पोरांच्या घरीही त्या तबकड्या होत्याच. स्मृती होती. आमच्यापर्यंत आली नव्हती, एवढंच.

"दगडाचं म्हणशील तर," काका म्हणाले, "माझ्या आईलाही नऊ वर्षं नव्हता. विसरलो होतो का तिला? दफनाचे पैसे फिटेपर्यंत दगडाचं नाव कोण काढतो? आणि मग एकाचं लग्न निघतं, एकाची नोकरी जाते." पाना पुन्हा उचलला. "तुमच्यात दगड कसला घालता?"

मी सांगितलं, आमच्यात दगड नसतो. वडील गेले तेव्हा कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला, सगळं झालं. राख नदीत. घरी भिंतीवर फोटो.

"मग भेटायला कुठे जातोस?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही. तेव्हा म्हणालो, जात नाही, वर्षातून एकदा जेवायला वाढतो. कावळ्याचं कसं सांगणार? तरी सांगितलं. पान ठेवायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. शिवला नाही तर काय राहून गेलं ते आठवायचं, मोठ्याने कबूल करायचं. काकांनी हे अतिशय गंभीरपणे ऐकलं. "म्हणजे तो येतो," ते म्हणाले. "बरं आहे. आम्हाला पेट्रोल जाळावं लागतं."

त्यांची आई होती तीच स्मशानभूमी ओ. व्ही.ची निघाली. गॅलिली मेमोरियल गार्डन्स, मेम्फिसच्या कडेला बार्टलेटमध्ये. मी राहायचो त्या अपार्टमेंटपासून फार लांब नव्हती. चर्च सुटल्यावर एका रविवारी काका मला घेऊन गेले. अंगावर करडा सूट, डोक्यावर हॅट. टायरच्या दुकानातला माणूस तो हाच यावर विश्वास बसेना. आधी आईकडे गेलो. त्यांनी हॅट काढली, रुमालाने दगड पुसला, बोलले काही नाहीत. मी चपला काढायला वाकलो आणि थांबलो. बूट होते, आणि गवत ओलं.

मग ओ. व्ही.कडे. दगड दोनच वर्षांचा, त्यामुळे शेजारपाजारच्यांत नवखा वाटणारा. माझी अपेक्षा होती की कुणीतरी नाणी वाहिली असतील. काही नव्हतं. मी मात्र तयारीने गेलो होतो. खिशातून एक निकल काढला, एक खिळा काढला, आणि दोन्ही दगडासमोर गवतात ठेवले. खोटं कशाला बोलू, हे करताना मला आपण फार सुंदर काहीतरी करतोय असं वाटत होतं.

काका वाकून बघत होते. "खिळा आहे तो?"

"हो. गाण्यातला..."

"गाणं मला ठाऊक आहे. इथे गवत कापायचं यंत्र येतं. त्याच्या टायरात जाईल, नाहीतर पात्याला लागून कुणाच्या तरी पायात. उचल." मग थोडं हसले. "माझं दुकान खिळ्यांवर चालतं, यंग मॅन. मला सांगू नकोस खिळ्यांचं."

उचलला. नाणं राहू दिलं. परतताना गाडीत मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि त्यांनी मला सबंध रस्ताभर ओ. व्ही.ची नाही, बॉबी ब्लँडची कॅसेट ऐकवली. मुद्दामच ऐकवली असणार.

२०१२ मध्ये आम्ही पुण्याला परतलो. खिळा माझ्याबरोबर आला. विमानतळावरच्या सुरक्षेतून तो कसा निसटला देव जाणे, बहुधा बॅगेत खाली गेला असावा. आता टेबलाच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या पिनांशेजारी असतो. बायकोने दोनदा कॅलेंडर टांगायला मागितला.

२०१४ च्या सुरुवातीला मेम्फिसच्या बातम्या चाळताना गॅलिलीचं नाव दिसलं. मालकाला अटक झाली होती, टेनेसी सरकारने स्मशानभूमी बंद केली होती. एका जागी एकाहून जास्त देह पुरल्याचे, नोंदींचा मेळ नसल्याचे आरोप होते. शेकडो कुटुंबांना कळेना, आपला माणूस नेमका आहे कुठे. मला पहिली आठवण कुणाची झाली ते सांगायला हवं. ओ. व्ही.ची. २८ वर्षांनी मिळालेला दगड, वर्गणी, सगळं डोळ्यांसमोर आलं. काकांची आई दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आठवली. मग मात्र राहवेना.

दुकानाचा फोन नंबर जुन्या वहीत होता. रात्री उशिरा, तिथली सकाळ गाठून, फोन लावला. त्यांनीच उचलला. ओळख पटायला थोडा वेळ गेला. "खिळेवाला," मी म्हणालो, तेव्हा पटली.

हो, म्हणाले, अर्ज भरून आलोय. आईचा दगड जागच्या जागी आहे, आम्ही बसवला तिथेच. त्याच्याखाली तीच आहे का, ते कागद बघून सांगणार म्हणतात. तिची वर्षं जुनी आहेत, गोंधळ नंतरचा असावा, असं बहीण म्हणते. बहिणीला तसं म्हणायचं असतं.

"आणि ओ. व्ही.?"

"त्याच्यासाठी विचारणारे पुष्कळ निघतील. मी आईचं विचारलं."

आत जाता येतं का, मी विचारलं. गेट बंद आहे, म्हणाले. रविवारी बाहेर रस्त्यावर गाडी लावतो, काच खाली करतो, थोडा वेळ बसतो. तिकडे पलीकडे तुझे ते कावळे असतात तारेवर, पण ते काही खात नाहीत.

मागे एअर गनचा आवाज येत होता, नट सुटत होते, आणि रेडिओ चालू होता. कोण गात होतं ते फोनवर कळलं नाही. मी विचारणार होतो, तेवढ्यात कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं. "तिकडे थंडी आहे का?" त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, यंदा पुण्यात बरीच आहे.

"मग सकाळी निघायच्या आधी हवा बघून घे," काका म्हणाले, आणि फोन ठेवला.